मत नसलेला हवालदार

सावरखेड जिल्हा कारागृहातले हवालदार भागवत डोईफोडे यांना कायद्याने मत नव्हतं. निवडणुकीत होतं, भाजीत मीठ कमी की जास्त याबद्दल होतं, धाकट्या मेव्हण्याबद्दल तर भरपूर होतं. पण कैद्याच्या तब्येतीबद्दल नव्हतं. 'कारागृह आरोग्य मानके' या एकशे चौदा पानी पुस्तिकेतला नियम सात सांगत होता: 'सुरक्षा कर्मचाऱ्याने बंद्यास आजार असल्याविषयी वा नसल्याविषयी कोणतेही मत व्यक्त करू नये.' ही पुस्तिका प्रत्येक बराकीच्या दाराशी साखळीने बांधून ठेवलेली असे. नव्या मानकांनंतर तुरुंगात साखळीने बांधलेली तेवढीच एक वस्तू उरली होती.

आडनावावर जाऊ नये. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत डोईफोड्यांनी कुणाची डोई फोडली नव्हती. त्यांची ख्याती वेगळी होती. खोटा आजारी ते लांबून ओळखत. जुन्या काळात तुरुंगाच्या दवाखान्यात गेलं की खाट मिळे, दूध मिळे, अंडं मिळे आणि डोक्यावर पंखा फिरे. त्यामुळे सकाळच्या गिनतीला अर्ध्या बराकीच्या पोटात दुखायचं. डॉक्टरचं पद अकरा वर्षं रिक्त होतं. आठवड्यातून तीनदा एक कंपाउंडर येई, तोही गुळगुळीत रस्ता असेल तर. मग कोण खरा, कोण खोटा हे कुणीतरी ठरवायला हवं, ते डोईफोडे ठरवत. त्यांचा एक साधा नियम होता. खोटा माणूस कण्हून झालं की कण्हण्याचा परिणाम काय झाला ते बघतो. खऱ्या दुखण्याला प्रेक्षकांकडे बघायला फुरसत नसते. शंभरात पंचाण्णव वेळा ते बरोबर ठरत. उरलेल्या पाचांचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते बारा वर्षांपूर्वी. विष्णू पाखरे नावाचा सव्वीस वर्षांचा कच्चा कैदी, तारचोरीच्या आरोपात आलेला. संध्याकाळी पोट धरून कण्हत होता. कण्हला आणि डोईफोड्यांकडे बघितलं. "नाटक आहे," डोईफोडे म्हणाले आणि पुढे गेले. सकाळच्या गिनतीत एक माणूस कमी भरला. आंत्रपुच्छ फुटलं होतं. विष्णूने डोईफोड्यांकडे बघितलं होतं, कारण बघायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

विष्णूची बायको अनुसया कांद्याच्या चाळीत निवडणीला जायची. ती सात वर्षं कोर्टात लढली. निकाल लागला तो असा, की डॉक्टरकडे चालत जायचं स्वातंत्र्य ज्या सरकारने काढून घेतलं, त्याच सरकारने डॉक्टर चालवत कैद्याकडे आणला पाहिजे. आणि भिंतीबाहेरच्या रुग्णाला जे मिळतं, त्याहून भिंतीआतल्याला कमी मिळता कामा नये. त्या निकालातून ती एकशे चौदा पानं निघाली. निकालात डोईफोड्यांचं नाव नव्हतं. पान एकतीसवर नुसतं 'एक सुरक्षा कर्मचारी' एवढंच होतं. डोईफोड्यांनी ते पान इतक्या वेळा वाचलं, की त्यांना ते आपलं नाव वाटू लागलं. निकाल मान्य नसलेले खात्यात पुष्कळ होते. डोईफोडे त्यांत नव्हते.

तर मानकं आली. मग डॉक्टर आल्या, दोन सिस्टर आल्या, रुग्णवाहिका आली. सावरखेड गावात अशी बोलवा झाली की गुडघ्याचं नीट बघायचं असेल तर आधी किरकोळ गुन्हा करावा. आणि सगळ्यांच्या शेवटी, तीन वर्षांपूर्वी, जावई आला.

सरकारी नाव होतं 'सतत आरोग्य निरीक्षण पट्टी'. दंडाला चिकटणारी, रुपयाएवढी गोल. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक अशा चारशे सुया असत. त्या वरच्या कातडीत शिरत, पण दुखण्याच्या नसांपर्यंत पोचत नसत, म्हणून लावल्याचं कळतही नसे. पेशींच्या मधल्या फटींतून जो ओलावा पाझरतो, तो त्या चाखत. त्यात काय वाढलं, काय घटलं, नाडी कुठे अडखळली, हे दर पाच मिनिटांनी तुरुंगाच्या दवाखान्यातल्या पडद्यावर उमटे. माणसाला स्वतःला काही जाणवायच्या आत पट्टीला जाणवे. लाल इशारा आला की डॉक्टरांनी अर्ध्या तासात हजर व्हायचं आणि त्यापुढच्या तासात रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या वाटेला लावायचा, असं मानक होतं. कैद्यांनी दोन दिवसांत तिचं बारसं केलं. हा रुसला की सगळं घर धावतं, म्हणून जावई.

सुरुवातीला जावई प्रत्येकाची तुलना सरासरी माणसाशी करायचा. हा सरासरी माणूस कुठल्यातरी प्रयोगशाळेत राहणारा, वेळेवर झोपणारा आणि फळं खाणारा होता. सावरखेडच्या बराकीत तसा एकही नव्हता. पहिल्या आठवड्यात चारशे दहापैकी तीनशे नव्वद माणसं मरणाच्या दारात असल्याचं पडद्याने कळवलं. मग वरून सुधारणा आली. जावयाने सरासरीचा नाद सोडायचा आणि माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. नवी पट्टी लागली की पहिले नऊ दिवस ती गप्प राहून शिके. या माणसाची रोजची नाडी कशी, रोजचा ओलावा कसा. दहाव्या दिवसापासून, माणूस स्वतःहून वेगळा वागायला लागला की ओरडे. दर तीन महिन्यांनी पट्टी नवी, शिकणं नवं.

डोईफोड्यांना जावयाचं किती बरं वाटलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कोण खरा, कोण खोटा हे आता त्यांना ठरवायचं नव्हतं. कुणी कण्हलं की ते डॉक्टर नूतन कासल्यांना फोन लावत आणि भिंतीकडे बघत उभे राहत. तीन वर्षांत बराकीतून एकही प्रेत निघालं नव्हतं. घरी बायको म्हणायची, की हल्ली तुम्ही शांत झोपता. देवघरात त्यांनी हात जोडले की देवांच्या पाठोपाठ, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, ते त्या पट्टीलाही एक नमस्कार घालत.

गडबड झाली ती शुक्रवारी दुपारी, गळाभेटीच्या आदल्या दिवशी.

गळाभेट म्हणजे वर्षातला एक दिवस. एरवीच्या भेटी काचेआडून, फोन कानाला लावून. त्या एका दिवशी मात्र कैद्यांच्या मुला-नातवंडांना आत घेत, मांडव घालत, आणि लेकरांना मांडीवर घेता येई. अट एकच, कैदी आजारी नको. लेकरांना संसर्ग नको, म्हणून जावई रुसलेला माणूस यादीतून बाद.

दुपारी बारा ते तीन बराकी बंद असतात. सव्वा वाजता चार नंबरच्या बराकीतून लाल इशारा आला. बाबूलाल परदेशी, वय चव्वेचाळीस, बेकरी विभाग. हा बाबूलाल पन्नास किलोचं मैद्याचं पोतं बगलेत धरून चालायचा. डॉक्टर कासले अकराव्या मिनिटाला आल्या. बाबूलाल आडवा पडून छाती धरून कण्हत होता. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, तो सरळ आला. दाब सरळ, नाडी सरळ. पण पडद्यावर त्याच्या नावापुढे हृदयाच्या स्नायूचं कसलंसं द्रव्य मिनिटागणिक चढत होतं. डॉक्टर कोड्यात पडल्या. पण पट्टी आलेखाच्या काही तास पुढे असते, हे त्या जाणून होत्या. रुग्णवाहिका दाराशी लावायला सांगून त्यांनी रवानगीचा कागद भरायला घेतला.

डोईफोडे नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघत होते. पण अठ्ठावीस वर्षांची खोड. कान उघडेच राहिले. ते कण्हणं त्यांना ओळखीचं वाटलं. ते वळले.

नाटक होतं. त्यांच्या मनात तो शब्द उमटला. हाच शब्द. आता तोंडून काढला तर पान एकतीस पुन्हा लिहिलं जायचं. शिवाय बारा वर्षांपूर्वीही त्यांना अशीच खात्री होती. पुन्हा भिंतीकडे वळावं, आपल्याला मत नाही, यंत्राला आहे, डॉक्टरांना आहे. ते अर्धे वळलेही.

पण एक गोष्ट बसत नव्हती. खोटा माणूस निकाल देणाऱ्याकडे बघतो. बाबूलाल डॉक्टरांकडे बघतच नव्हता. कण्हायचा आणि उजवीकडच्या कोपऱ्याकडे बघायचा. पुन्हा कण्हायचा, पुन्हा कोपरा.

कोपऱ्यात गुणाजी ठोंबरे बसला होता. सदुसष्ट वर्षांचा, शिलाई विभागातला, बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात कुदळ घालून जन्मठेपेवर आलेला. सगळी बराक उठून बाबूलालभोवती गोळा झालेली, हा एकटाच भिंतीला पाठ टेकून ताठ बसलेला. डोईफोड्यांकडे बघून हसला. हसला आणि हसणं नीट पोचलं का, ते बघितलं.

डोईफोड्यांनी जन्मभर खोटे आजारी पाहिले होते. खोटा धडधाकट ते पहिल्यांदाच बघत होते.

मग एकेक दिसायला लागलं. गुणाजी गेले चार-पाच दिवस आडवा झोपत नव्हता, भिंतीला टेकून बसायचा. पायाच्या घोट्यांवर सूज होती. ओठ जांभळे होते. कपाळावर घाम, आणि सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलेलं. सावरखेडात, एप्रिलात, पत्र्याखाली.

"मॅडम," डोईफोडे म्हणाले. "मला एक मत मांडायचंय. नियमात बसत नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. या माणसाला त्यांनी तीन वर्षांत 'हो' आणि 'आलो' यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. "मग लवकर मांडा," त्या म्हणाल्या.

"बाबूलाल ठणठणीत आहे. आणि तुमची पट्टीही खोटं बोलत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. डोईफोडे तोवर कोपऱ्यात पोचले होते. ते गुणाजीपुढे उकिडवे बसले आणि त्याच्या बाहीच्या बटणाला हात घातला. गुणाजीने तो हात धरला. पकडीत काही जोर नव्हता.

"हवालदारसाहेब," तो म्हणाला. बोलताना दम मधेच तुटत होता. "उद्या... उद्याच्याला... नात येणारंय... गळाभेटीला पैल्यांदाच. सात वर्साची झाली. अजून... हात लावला न्हाई मी तिला. उद्याचा दिस... जाऊ द्या. मंग कुटंबी न्या."

"गुणाजीबाबा, उद्यापर्यंत तुम्ही पुरायचे नाही."

"पुरंल की. बसूनच तर... ऱ्हायचंय."

डोईफोड्यांना मुलगा नव्हता, मुलगी नव्हती. सात वर्षांच्या पोरीला न शिवलेला आजा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तिकेतून कळणारं नव्हतं. पण ते बटणावरचा हात काढून घेईनात. क्षणभर त्यांना वाटलं, एवढा एक दिवस या माणसाचा आहे, तो हिरावणारे आपण कोण? मग आठवलं, की एका माणसाची एक रात्र आपण अशीच त्याच्याकडे सोपवून पुढे गेलो होतो. त्यांनी बटण काढलं, बाही वर केली. दंडावरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत बाबूलाल परदेशीचा नंबर होता.

उलगडा व्हायला मग दोन मिनिटं लागली. बाबूलाल कण्हायचा थांबला आणि उठून बसून रडायलाच लागला. पंधरा दिवसांपूर्वी गुणाजीच्या छातीत भरून आल्यासारखं व्हायला लागलं होतं. नव्या पट्ट्या लागायच्या होत्या, जावई रुसला की यादीतून नाव गेलंच. आणि पट्टीचा गोंद पहिले दोन तास ओला असतो, हे चार नंबर बराकीने केव्हाच शोधून काढलं होतं. दोघांनी जावई बदलून घेतले. माझ्या भेटीला कुणी येत नाही, तर निदान तुमची तरी होऊ दे, असं बाबूलाल म्हणाला होता. बाबूलालच्या दंडावर गुणाजीची पट्टी नऊ दिवस घोड्यासारखं हृदय शिकली. गुणाजीच्या दंडावरची पट्टी नऊ दिवस आजार शिकली आणि हाच या माणसाचा रोजचा स्वभाव असं समजून गप्प राहिली. आज त्या आजाराने उडी घेतली तेव्हा ती ओरडली, पण बाबूलालच्या नावाने. आपल्या दंडावरची पट्टी दुसऱ्याच्या नावाने ओरडेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण बिंग फुटू नये म्हणून माणूस दुसऱ्याच्या जागी कण्हू शकतो. बाबूलालने तेही करून पाहिलं.

रवानगीच्या कागदावरचं नाव खोडून डॉक्टरांनी नवं लिहिलं. त्या कागदाच्या माथ्यावर, राज्यातल्या प्रत्येक तुरुंगात छापतात तशी, एक ओळ छापलेली होती: 'अनुसया विष्णू पाखरे प्रकरणातील निकालानुसार'. स्ट्रेचरचं एक टोक डोईफोड्यांनी धरलं. दुसरं बाबूलालने धरलं; ते नियमात बसतं का, हे कुणी बघितलं नाही. रुग्णवाहिकेत गुणाजी तोंड फिरवून पडला होता. सबंध चाळीस मिनिटांत तो एकच वाक्य बोलला. "तुम्ही... माझी भेट घालवली."

हृदयाची मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. संध्याकाळी पाचला ती उघडून आत जाळी बसवली. आणखी दोन तास उशीर झाला असता तर आम्ही फक्त कागद भरले असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

शनिवारी दुपारी तुरुंगात गळाभेटीचा मांडव उभा राहिला आणि इकडे रुग्णालयात पहाऱ्यावर बसलेल्या डोईफोड्यांना एक लखोटा आला. वैद्यकीय मत व्यक्त करून नियम सातचा भंग केल्याबद्दल कारणे दाखवा. एरवी वर्षवर्ष न हलणारं खातं एका रात्रीत हललं होतं. डोईफोड्यांनी ती नोटीस घडी करून खिशात ठेवली. त्यांना राग आला नाही. नियम बरोबर होता, आणि तो मोडला हेही बरोबर होतं.

तीनला डॉक्टर कासले आल्या. काखेत पुस्तिका होती, साखळीसकट. दाराशी बसलेल्या डोईफोड्यांना त्यांनी विचारलं, की या वॉर्डात बाहेरच्या रुग्णांना भेटायची वेळ काय? चार ते सहा, ते म्हणाले. आणि मध्ये काच असते? नसते. डॉक्टरांनी पान उघडलं. भिंतीबाहेरच्या रुग्णाला जे मिळतं, त्याहून आतल्याला कमी मिळता कामा नये. "हे औषधापुरतंच आहे असं कुठेही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी रात्री सगळी एकशे चौदा पानं वाचली. अधीक्षकांना दाखवलं. त्यांनीही वाचलं, बहुधा पहिल्यांदाच. गुणाजीबाबांची मुलगी फाटकाशी आलीच होती भेटीला. तिला तिथूनच इकडे पाठवलंय."

चारला दहा कमी असताना गुणाजीची मुलगी शेवंता आली. बरोबर पोरगी, दोन वेण्या, पायात नवे बूट. डोईफोडे उठून उभे राहिले. गुणाजीने मान वळवली.

पोरगी खाटेपासून हातभर लांब थांबली. आईने पुढे ढकललं तरी हलेना. मग तिने मूठ वळली आणि फोनसारखी कानाला लावली. "हॅलो आबा," ती म्हणाली, "ऐकू येतंय का?"

आजाशी असंच बोलायचं असतं, एवढंच तिला आजवर कळलेलं होतं. गुणाजीने नळ्या लावलेला हात हळूहळू उचलला, मूठ वळली, कानाला लावली. "येतंय," तो म्हणाला. "जवळ आलीस तर... आजून चांगलं यील."

डोईफोडे बाहेर बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने शेवंता पदराने नाक पुसत बाहेर आली. तिला त्यांच्या पायाला हात लावायचा होता, ते पाय बाकाखाली घेऊन बसले. मग कुणाचे उपकार मानू ते तरी सांगा, ती म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणतात हवालदारांचे माना.

तेव्हा डोईफोड्यांनी तिला सांगितलं. विष्णू पाखरेचं सांगितलं, त्या संध्याकाळचं सांगितलं, आपण काय म्हणालो तेही सांगितलं. बारा वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सरळ सांगितलं नव्हतं. "ती बाई सात वर्षं भांडली म्हणून गाडी होती, डॉक्टर होत्या, यंत्र होतं," ते म्हणाले. "तिच्या दारात जायचं माझं तोंड नाही. तुमचं आहे. ती बाई अजून कांद्याच्या चाळीतच आहे, नेवरगावला."

शेवंताने बाकावर बसून पिशवी मांडीवर ओढून घेतली. ती आता उठून जाईल असं डोईफोड्यांना वाटलं. तिने पिशवीतून डबा काढला. बापासाठी आणलेल्या दशम्या होत्या. डॉक्टरांनी त्याला खायला मनाई केली होती. तिने एक त्यांच्या हातावर ठेवली. "नेवरगाव आमच्या वाटंवरच हाय," ती म्हणाली. "जाताना उतरते. तुमचं नाव सांगू का नको?"

"सांगा," डोईफोडे म्हणाले. दशमी गोड होती. ती खाताना त्यांना आपण कुणाकुणाचे देणेकरी आहोत हे एकापाठोपाठ आठवत गेलं, आणि यादी संपायच्या आत दशमी संपली.

मग त्यांनी पहाऱ्याची वही उघडली. रुग्णालयातल्या बंद्यावर पहारा करणाऱ्याने दर तासाला पाहिलेलं लिहायचं असतं, मत न देता. त्या संध्याकाळी तासातासाला त्यांनी अक्षर नीट काढून लिहिलं:

'१६.०० : बंद्याची नात आली.

१७.०० : नात खाटेवर आहे. बंद्याचा हात तिच्या डोक्यावर आहे.

१८.०० : भेटीची वेळ संपल्याची घंटा झाल्याचे सिस्टर सांगतात. मला ऐकू आली नाही.'